शिरोरेघ सांभाळून : गिम्पमधे मसाल्याची लेबलं करताना

वहिनींच्या बचत गटाची लेबलं करून द्यायचं कबूल केलं तेव्हा गिम्प, म्हणजे कॉम्प्युटरवर फोटो-चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर, मला फोटो कापण्यापुरतं आणि उजेड कमीजास्त करण्यापुरतं येत होतं, अक्षरांना शेड, आऊटलाइन, ग्रेडियंट वगैरे प्रकार कधी केले नव्हते. गट कराडजवळचा, माल चार प्रकारचा, थालीपीठ भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि शेंगदाणा चटणी, आणि तोपर्यंत पिशवीवर पांढरा कागद चिकटवून त्यावर पेनाने नाव लिहायच्या. माल एक नंबर, घरी खाल्लेला आहे म्हणून सांगतो, पण प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर रंगीत पाकिटं असली की गिऱ्हाईक आधी तिकडे वळतं हे त्यांनी स्वतः बघितलेलं. वहिनींची मागणी अगदी सरळ होती, "भावजी, नाव लांबून वाचता आलं पाहिजे आणि बघून पाकीट हातात घ्यावंसं वाटलं पाहिजे, बाकी कसं करायचं ते तुम्ही ठरवा."

पैसे भरायची सॉफ्टवेअरं गटाच्या बजेटमधे बसणारी नव्हतीच, आणि मला चोरीचं काही वापरायचं नव्हतं, कारण उद्या हा माल विकायचाय, त्याच्या लेबलाला कोणी बोट लावू नये. गिम्प फुकट आहे, धंद्यासाठी वापरलं तरी चालतं. १९९५ मधे अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस यांनी, कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू केलं आणि तेव्हापासून जगभरातले लोक आपापला वेळ घालून ते वाढवतायत, त्याचा फायदा कराडच्या भाजणीला होतो ही गोष्ट मला खरंच फार भारी वाटते.

आता मुद्द्याचं. नेटवर अक्षरांच्या इफेक्टचे ढिगाने व्हिडिओ आहेत, सोन्याची अक्षरं, निऑन, थ्रीडी, काय म्हणाल ते, पण सगळे इंग्रजी अक्षरांवर. इंग्रजी अक्षरं सुटी असतात. आपला शब्द शिरोरेघेने बांधलेला असतो, म्हणजे इफेक्ट लावताना समोर चार अक्षरं नसून एक सलग आकार असतो, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. त्यामुळे व्हिडिओतली कृती जशीच्या तशी केली की काहीतरी बिघडतंच, आणि प्रत्येक पायरीला हे मराठीत कसं बसवायचं हा विचार नव्याने करावा लागतो.

सुरुवात साइजपासून. लेबल चार इंच बाय तीन इंच, छपाईला ३०० डीपीआय, दर इंचाला ३०० ठिपके, म्हणजे १२०० बाय ९०० पिक्सेल. नवीन इमेज उघडताना अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधे रिझोल्युशन तिथल्या तिथे ३०० करून टाकायचं, कारण मोबाइलवर छान दिसणारं चित्र प्रेसमधे गेल्यावर फुटतं ते याच कारणाने.

मग फाँट, आणि इथे मी भरपूर वेळ घालवला आणि तो सगळा सार्थकी लागला असं म्हणेन. जुने डीटीपीवाले फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच प्रमाणाचे, नसतात, ते इथे उपयोगाचे नाहीत, आपण टाइप करतो मराठी आणि दिसतं भलतंच. गूगल फाँट्सवर देवनागरीचे चांगले फाँट आहेत आणि ते ओपन फाँट लायसन्सखाली आहेत, म्हणजे विकायच्या वस्तूवर छापले तरी कोणाची परवानगी काढायला नको. मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट करणाऱ्या मंडळींचे मोदक, बलू, मुक्ता हे फाँट तिथेच मिळतात. मोदक तर नावासारखाच, गुबगुबीत, अक्षरात रंग भरपूर मावतो आणि मधली पोकळी म्हणजे नुसती चिरेसारखी रेघ. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला यात्रा वन पण आहे, तोही मोह पाडणारा, पण लेबलाला मला आणखी जाड काहीतरी हवं होतं. शेवटी नावांना बलू, गोडा मसाल्याला मोदक आणि बारीक मजकुराला टिरो देवनागरी मराठी असं ठरलं. हा शेवटचा खास मराठीच्या वळणाचा आहे, त्यातला ल आणि श आपण शाळेत गिरवलेला तसा.

ल आणि श वरून एक सांगायचं राहील, गिम्पच्या टेक्स्ट टूलच्या ऑप्शन्समधे अगदी खाली लँग्वेज नावाचा एक रकाना असतो, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथे मराठी निवडलं की नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फाँटात हिंदी वळणाचा ल-श जाऊन मराठी वळणाचा येतो. सगळ्या फाँटांत ही सोय नसते, पण ज्यात असते त्यात एका क्लिकचं काम आहे आणि 'शेंगदाणा' लिहिताना तो श बघून बरं वाटतं.

फाँट टाकल्यावर गिम्प उघडाच असेल तर फाँट्सच्या डायलॉगमधे रिफ्रेश करायचं, मग यादीत दिसतो. टायपिंग विंडोजच्या मराठी फोनेटिक कीबोर्डने केलं, थेट चित्रावर टाइप करताना अक्षरं उड्या मारायला लागली तर टेक्स्ट टूलमधे यूज एडिटरवर टिक करायची, वेगळी चौकट उघडते त्यात निवांत लिहिता येतं, नाहीतर नोटपॅडमधे लिहून पेस्ट. जोडाक्षरं, रफार, 'कारळ्या'तला ळ्या, सगळं व्यवस्थित येतं, कारण आत हार्फबझ नावाचं इंजिन आहे जे भारतीय लिप्यांची जुळणी नीट करतं.

आता इफेक्ट. पहिला धडा लेटर स्पेसिंगचा. इंग्रजीवाले सांगतात, आऊटलाइन द्यायची तर आधी अक्षरं जरा लांब लांब करा. आपल्याकडे ते आकडे वाढवले की शिरोरेघ तुटते, 'मेतकूट' चे मे, त, कू, ट असे चार तुकडे. म्हणून स्पेसिंग शून्यावरच ठेवायचं आणि जागा हवी असेल तर फाँटची साइज वाढवायची, अक्षराच्या पोटातली जागा त्यानेच वाढते.

आऊटलाइन करायची जुनी पद्धत म्हणजे टेक्स्टच्या लेयरवर (लेयर म्हणजे चित्राचा एकावर एक ठेवलेला पारदर्शक थर) राइट क्लिक, अल्फा टू सिलेक्शन, मग सिलेक्ट मेनूतून ग्रो, खाली नवीन लेयर, त्यात रंग ओतायचा. चालते ही पद्धत, पण नाव बदललं की सगळं पुन्हा. त्यापेक्षा मला आवडलेली युक्ती म्हणजे ड्रॉप शॅडो फिल्टरनेच आऊटलाइन करायची. एक्स आणि वाय, म्हणजे सावली आडवी-उभी किती सरकवायची ते, दोन्ही शून्य, ब्लर शून्य, ग्रो रेडियस पाच-सहा, ओपॅसिटी पूर्ण, रंग हवा तो. सावली अक्षराच्या बरोबर मागे बसते आणि चहूबाजूंनी सारखी बाहेर येते, म्हणजे आऊटलाइनच झाली. सावलीचा आकार गोल घेतला तर कोपरे मऊ येतात, चौकोनी घेतला तर टोकदार.

आणि इथेच 'भाजणी' ची 'माजणी' होते. बघा काय होतं, भ आणि म, ध आणि घ, यांच्यातला मोठा फरक म्हणजे डोक्यावरच्या शिरोरेघेतली फट. जाड फाँटात ती फट आधीच अरुंद, माझ्या साइजला साधारण सोळा पिक्सेल. आऊटलाइन दोन्ही बाजूंनी वाढते, म्हणजे आठ पिक्सेलची दिली की दोन्हीकडून आठ-आठ येऊन फट बंद. स्क्रीनवर मोठं करून बघताना लक्षात येत नाही कारण आतलं अक्षर वेगळ्या रंगाचं दिसतंच, पण लेबल हातभर लांब धरलं की डोळा बाहेरचा गडद आकार वाचतो आणि तिथे भ उरलेला नसतो. 'थालीपीठ' मधल्या थ चं तेच. म्हणून आऊटलाइन पाचवर आणली, मधे सहा पिक्सेल मोकळे राहिले, आणि लांबून भ परत भ दिसायला लागला. ज्यांना जाड आऊटलाइन हवीच आहे त्यांनी आऊटलाइनच्या लेयरवर खोडरबर घेऊन तेवढी फट हाताने उघडी करावी, दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय छापायला देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

ग्रेडियंटचं पण वेगळं गणित. वर पिवळा, खाली तांबडा अशी अक्षरं हवी होती, हळद-तिखटाचा रंग. इंग्रजीत अक्षराच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ओढलं की झालं. आपल्याकडे वरचं टोक म्हणजे मात्रा किंवा वेलांटी, खालचं टोक म्हणजे उकार. तिथून तिथपर्यंत ओढलं तर अर्धा पिवळा मात्रेत खर्च होतो आणि मुख्य अक्षरं सगळी मधल्या नारिंगीत अडकतात, रंग बदलतोय हे जाणवतच नाही. 'मेतकूट' मधे तर वर मे ची मात्रा आणि खाली कू चा उकार, दोन्हीकडून ओढाताण. उपाय सोपा, ओढायला सुरुवात शिरोरेघेपासून करायची आणि अक्षराचा काना जिथे संपतो तिथे सोडायचं. मात्रा पूर्ण पिवळी, उकार पूर्ण तांबडा, आणि सगळा खेळ मधल्या पट्ट्यात, जिथे तो दिसायला पाहिजे.

हे सगळं मी गिम्पच्या ३.० व्हर्जनवर केलं, जी मार्च २०२५ मधे आली, आणि जे कोणी अजून २.१० वर असतील त्यांनी या एका कारणासाठी तरी बदलावं. आधी टेक्स्टवर फिल्टर लावला की तो अक्षरात मुरायचा, मजकूर बदलायला गेलं की इफेक्ट जायचा. आता फिल्टर लेयरच्या शेजारी छोट्या एफएक्स खुणेखाली वेगळा राहतो, कधीही उघडून आकडे बदला, आणि मुख्य म्हणजे आतला मजकूर बदला. फिल्टरच्या चौकटीत खाली मर्ज फिल्टर असं असतं त्यावर टिक नसली म्हणजे झालं.

यावरून मी जी रचना केली ती जरा सविस्तर सांगतो कारण खरी मजा त्यात आहे. एक लेयर ग्रुप केला, नाव दिलं 'नाव'. त्यात खाली टेक्स्टचा लेयर, वर ग्रेडियंटचा लेयर, आणि ग्रेडियंटच्या कंपोझिट मोडमधे क्लिप टू बॅकड्रॉप निवडलं, म्हणजे रंग फक्त जिथे अक्षर आहे तिथेच दिसतो, बाकीचा कापला जातो. आता आऊटलाइन टेक्स्टच्या लेयरवर लावली तर ग्रेडियंट त्या आऊटलाइनवरही चढतो, म्हणून आऊटलाइन आणि शेड लावायची ती अख्ख्या ग्रुपवर. आधी क्रीम रंगाची बारीक आऊटलाइन, मग त्यावर मरून रंगाची शेड. एवढं एकदा बसलं की 'मेतकूट' च्या जागी 'शेंगदाणा चटणी' टाइप करायचं, साइज थोडी कमी करायची, रंग-रेघ-शेड सगळं आपोआप नव्या अक्षरांवर. पुढे वहिनींनी 'शेंगदाणा चटणी' खाली 'लसूण घालून' असं हवं म्हणून सांगितलं तेही चहा होईपर्यंत करून दिलं.

शेड म्हणजे ती पेंटरवाली, दुकानांच्या जुन्या पाट्यांवर असायची तशी तिरकी भरीव सावली. गिम्पमधे त्याला लाँग शॅडो म्हणतात, फिल्टर्समधे लाइट अँड शॅडोखाली सापडेल, आणि मेनूत शोधत बसायचं नसेल तर कीबोर्डवरची तिरकी रेघ दाबायची, सर्चची चौकट उघडते, त्यात फिल्टरचं नाव टाइप करायचं. स्टाइल फायनाइट घ्यायची म्हणजे सावली ठरावीक लांबीवर थांबते. यात शिरोरेघेचा त्रास सगळ्यात जास्त. सावली उजवीकडे खाली पडते, आणि शिरोरेघ ही शब्दातली सगळ्यात लांब आडवी पट्टी, तिची सावली थेट खालच्या अक्षरांच्या पोटात उतरते, त, ट, ग सगळ्यांच्या पोकळ्या भरून जातात आणि शब्द एक गठ्ठा दिसतो. इंग्रजीत हा प्रश्नच नाही, त्यांच्या डोक्यावर पट्टी नाही.

यावर दोन गोष्टी केल्या. एक, सावलीची लांबी शिरोरेघेच्या जाडीपेक्षा कमीच ठेवायची, जास्त लांब नाही. दुसरी, ती क्रीम आऊटलाइन, जी अक्षर आणि शेड यांच्या मधे राहते. घराजवळच्या एका किराणा दुकानावर अजून ब्रशने रंगवलेली पाटी आहे, ती मुद्दाम जवळ जाऊन बघितली, पेंटरने अक्षर आणि शेडच्या मधे बोटाच्या पेराएवढी नाही पण स्पष्ट अशी पांढरी रेघ सोडलेली आहे, आणि शिरोरेघेखालची शेड बाकीच्यापेक्षा बारीक ठेवलीय. म्हणजे हा प्रश्न त्या माणसाने ब्रश हातात धरून कधीच सोडवलाय. मी फोटो काढून आणला आणि शेडची जाडी त्यावरून ठरवली.

गोडा मसाल्याचं लेबल सगळ्यात आवडतं. तिथे ग्रेडियंटऐवजी अक्षरात मसाल्याचाच फोटो भरायचा होता. आधी दळलेल्या मसाल्याचा फोटो काढून बघितला, अक्षरात गेल्यावर तो नुसता तपकिरी रंग दिसतो, मसाला आहे हे कळायला काही मार्ग नाही. मग वहिनींनी ताटात धणे, तीळ, सुक्या खोबऱ्याचे काप आणि दगडफूल पसरून दिलं, सकाळच्या उजेडात खिडकीपाशी बरोबर वरून मोबाइलने फोटो. तो लेयर टेक्स्टच्या वर ठेवला आणि तेच क्लिप टू बॅकड्रॉप. इथे मोदक फाँटचं सोनं झालं, कारण अक्षराची रेघ इतकी रुंद की तिच्यात चार-पाच धणे शेजारी शेजारी मावतात. फोटो छोटा-मोठा करून ते प्रमाण जुळवावं लागतं, धणे फार मोठे ठेवले तर एका रेघेत अर्धाच धणा येतो आणि अक्षराची कड कळत नाही, फार छोटे केले तर परत तपकिरी लगदा. खोबऱ्याचे काप पांढरे, ते नेमके अक्षराच्या कडेला आले की पांढऱ्या कागदावर तिथे अक्षर खाल्ल्यासारखं दिसतं, म्हणून फोटो सरकवून काप मधल्या भागात आणले आणि भोवती गडद चॉकलेटी आऊटलाइन. दगडफुलाचा तो करडा-काळा भाग 'ला' च्या कान्यात आलाय, तो मुद्दाम तिथे आणलेला नाही पण आल्यावर हलवला नाही.

बेव्हेल, म्हणजे उठावाचा इफेक्ट, तोही करून बघितला, ३.० मधे आयता आहे, आणि जेगल स्टाइल्स नावाचा एक फिल्टर आहे ज्यात आऊटलाइन, सावली, उठाव, आतली चमक सगळं एकाच चौकटीत मिळतं. झटपट काही करायचं असेल, व्हॉट्सअॅपवर शुभेच्छा वगैरे, तर तो एकटा पुरतो. लेबलावर मात्र उठाव काढून टाकला, चार इंचात छापल्यावर ती चमक मळल्यासारखी दिसते. ग्लो तर छपाईत जवळजवळ दिसतच नाही, तो स्क्रीनच्या प्रकाशावर जगणारा प्रकार आहे.

छपाईचं थोडक्यात. प्रेसला सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे रंग, लागतं, गिम्प काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात, करतं पण ३.० मधून जेपेग आणि टिफ सीएमवायकेमधे एक्स्पोर्ट करता येतं, त्याआधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याची स्क्रीनवरची झलक, चालू करून बघायचं, भडक नारिंगी किती मंदावतो ते आधीच कळतं. मूळ फाइल कायम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात ठेवायची, त्यातच लेयर आणि एफएक्स जिवंत राहतात. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी परवान्याचा, १४ आकडी नंबर, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, शाकाहारीची हिरव्या चौकटीतली हिरवी टिकली, या मजकुराला कसलाही इफेक्ट नाही, पांढऱ्यावर काळं, साधं. तो भाग सजवायचा नसतो, वाचायचा असतो. आणि रंगीत छापायच्या आधी साध्या लेझर प्रिंटरवर खऱ्या साइजची काळी प्रिंट काढून पिशवीवर चिकटवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून वाचली, रंगाशिवायही नाव वाचता आलं म्हणजे आऊटलाइन आणि शेड बरोबर.

राहिलं बरणीच्या झाकणाचं गोल स्टिकर, चटणी आता बरणीतही देतात. त्यावर गटाचं नाव कमानीत हवं होतं. इंकस्केप या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधे आधी केलं तर प्रत्येक अक्षर आपापल्या कोनात वळतं आणि जोडावर शिरोरेघ चिरते, कमानीऐवजी पायऱ्या दिसतात. गिम्पमधे पाथ टूलने (पाथ म्हणजे हवी तशी वळवता येणारी आखणीची रेघ) डावीकडून उजवीकडे कमान काढायची, उलट काढली तर अक्षरं उलटी येतात, मग टेक्स्टच्या लेयरवर राइट क्लिक करून टेक्स्ट अलाँग पाथ. गिम्प अक्षरं नुसती फिरवत नाही, त्यांचा आकारच कमानीवर वाकवतं, त्यामुळे शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गोल जाते. हाती येतो तो फक्त पाथ, टेक्स्ट नाही, त्याचं सिलेक्शन करून नव्या लेयरमधे रंग भरावा लागतो आणि नंतर स्पेलिंग बदलता येत नाही, म्हणून आधी वहिनींकडून गटाचं नाव कागदावर लिहून घेतलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, आणि मगच वाकवलं. आता कारळ्याची चटणी सुरू करतायत, तिचं लेबल त्याच फाइलमधून काढायचंय, रंग काळपट जांभळा धरलाय, क्रीम आऊटलाइन तीच.